पाण्याखालच्या शिवारातली पंगत

बारामतीहून इंदापूर पन्नासएक किलोमीटर. मोटारीने सव्वा तासाचा रस्ता. पण खिडकीपाशी बसून डोळे उघडे ठेवले, तर एवढ्या अंतरात पाण्याने माणसाचे काय काय केले याची चांगली उजळणी होते. बारामतीत कऱ्हेच्या काठी मोरोपंत राहिले, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने हजारो आर्या रचून १७९४ साली तिथेच गेले. आज पुलावरून जाताना कऱ्हेकडे बहुधा कोणी मान वळवून पाहत नाही. बारामतीचा सगळा जीव नीरेच्या डाव्या कालव्यात. तो १८८५ साली सुरू झाला आणि गावाचे नशीब पालटले. कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस, केळी, मका आणि बंगले. वरच्या अंगाला, सुपे-मोरगावच्या बाजूला, ज्वारी, मेंढरे आणि आभाळाकडे पाहण्याची सवय. तालुका एक, पण सोयरीक जमवताना मुलीचा बाप अजून पहिला प्रश्न विचारतो तो जमीन कालव्याच्या वर की खाली हाच.

काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर ही तुकोबांच्या पालखीची वाट. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला घोड्याचे. आम्ही गेलो तो मात्र मे महिना होता, २०२४ सालचा. पालखीला अजून दीड महिना अवकाश होता आणि रस्त्यावर वारकऱ्यांऐवजी पाण्याचे टँकर चालले होते. इंदापुरात मालोजीराजांच्या गढीखाली थांबून रसवंतीवर बर्फ न घातलेला रस प्यालो. बर्फ घालणारा माणूस उसाचा अपमान करतो, असे माझे जुने मत आहे.

आम्ही निघालो होतो ते जेवायला. माझ्या एका स्नेह्यांचे आजोळ पळसदेवच्या बाजूला, भीमेकाठी. ‘होते’ म्हणायला हवे, कारण ते गाव आता नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि पुणे, सोलापूर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतली कितीतरी गावे, मळे, विहिरी, देवळे त्या पाण्याखाली गेली. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन देऊळही गेले. माणसे वर माळावर नव्या गावठाणात आली. तिथे पळसनाथाचे नवे देऊळही झाले. पण जुने देऊळ काही पुरते बुडायला तयार नाही. पाणी फार उतरले की आधी त्याचे शिखर, मग मंडप, मग आवार उघडे पडते. मग पुण्या-मुंबईची मंडळी फोटो काढायला येतात आणि वर्तमानपत्रांना मथळा मिळतो.

उजनीचा हिशेबही जरा चमत्कारिक आहे. धरणात एकूण ११७ अब्ज घनफूट पाणी मावते, पण त्यातले त्रेसष्टाच्या आसपास मृतसाठा. म्हणजे धरण ‘शून्य टक्के’ झाले तरी निम्म्याहून अधिक पाणी आत असतेच. त्याच्याही खाली उतरले की साठा ‘उणे’ म्हणतात. २०२४च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नासाच्याही खाली गेला. सोलापूरकरांच्या तोंडचे पाणी पळाले, बागाईतदारांनी मोटारीचे पाइप लांबवत लांबवत पाण्यामागे धाव घेतली; आणि त्याच आठवड्यात माझ्या स्नेह्यांच्या मामांचा फोन आला, “जोतं उघडं पडलंय. आजी म्हणती, रविवारी चूल मांडायची.”

या घराची रीतच तशी आहे. चार भावांची भावकी. गाव उठले तेव्हा एक घर नव्या गावठाणात गेले, एक निमगावला सासुरवाडीच्या आसऱ्याला, एक बारामतीला एमआयडीसीत नोकरीला लागले, एक हडपसरला. लग्नामुंजीला भेट होते. पण लग्नात कोण कोणाशी बोलते? ज्या वर्षी पाणी उतरून जुन्या वाड्याचे जोते दिसते, त्या वर्षी मात्र सगळ्यांनी तिथे जाऊन एक वेळ शिजवून खायचे, असे आजीच्या सासऱ्यांनी सांगून ठेवले होते. म्हणजे दुष्काळ पडेल तेव्हा यांची पंगत. चांगला पावसाळा झाला की कोणी कोणाला बोलवायचे नाही. इतका अवघड योग ज्योतिषालाही सुचला नसता.

शनिवारी रात्री गावठाणात पोचलो तेव्हा ओट्यावर पातेली मोजणे चालले होते. चार मोठी पितळी पातेली, दोन परातींची जोडी, एक हातभर लांब उलथने. पातेल्यांच्या काठावर जुन्या वाडीचे नाव ठोक्यांनी कोरलेले. ही वाडीची सामाईक भांडी. सरकारी ट्रक आले तेव्हा लोकांनी आधी देव उचलले आणि लगोलग भांडी. पाटीवर आता दुसरे नाव आहे, सातबाऱ्यावर दुसरे. जुने नाव फक्त पातेल्यांवर उरले आहे. कल्हई मात्र ताजी होती. आजींनी आठ दिवस आधी कल्हईवाला इंदापुरातून शोधून आणवला होता.

बेत कोंबडीचा. आमच्यासारख्या शहरी माणसाला कोंबडी म्हणजे अर्ध्या तासात शिजणारा पांढरा, गरीब स्वभावाचा प्रकार. गावरान कोंबडी तशी नसते. ती वर्षभर उकिरडे उकरते, कुत्र्याला घाबरून झाडावर उडते, आणि हा सगळा व्यायाम तिच्या तंगडीत उतरलेला असतो. तिला भडक जाळावर घातले तर ती अधिकच हट्टाला पेटते. तिला वेळ द्यावा लागतो. साठ माणसांना चौदा कोंबड्या धरल्या होत्या, एकाच गावात एवढ्या मिळेनात म्हणून तीन गावांतून गोळा केलेल्या. साफ करून पंधरा किलोच्या आत-बाहेर भरल्या. कांदा तीन किलो, सुके खोबरे एक किलो, लसूण अर्धा, आले पाव. ज्वारीचे पीठ बारा-तेरा किलो, कारण किलोला आठ-नऊ भाकरी होतात. उन्हाळ्यात बाजरी उष्ण पडते, म्हणून ज्वारी. मुलांसाठी आणि दात नसलेल्यांसाठी चपातीची कणीक वेगळी. हे सगळे गणित आजींच्या डोक्यात. थोरल्या वहिनींनी कागदावर लिहून घेतले तेव्हा आजी म्हणाल्या, “लिही बाई, लिही. पुढच्या खेपंला म्या असंन नसंन.” वहिनींनी मान वर न करता लिहिणे चालू ठेवले. आजींचे वय शहाऐंशी.

रविवारी पहाटे पाचाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून खाली उतरलो. धरणाचा तळ उघडा पडलेला पाहण्याचा माझा पहिलाच प्रसंग. गाळ वाळून त्याच्या फरश्या झालेल्या, फरशीफरशीमधल्या भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला. मधूनच एखाद्या बाभळीचे काळे खोड, चाळीस वर्षे पाण्यात राहून दगड झाल्यासारखे. शिंपल्यांचा खच. लांब पाण्याच्या कडेला बगळे, त्यापलीकडे पळसनाथाचे शिखर. आणि मग एका ठिकाणी आजींनी ट्रॉली थांबवायला सांगितली. मला तिथे काहीच दिसले नाही. जवळ गेल्यावर गाळात गुडघाभर उंचीची घडीव दगडांची ओळ दिसली. तिच्या आतल्या बाजूला दुसरी. आजी काठी टेकत चालू लागल्या. “ही ढेलज. हितं बैलं. ही माजघराची चौकट. ही चूल.” शेवटच्या शब्दाला त्या थांबल्या आणि तिथेच खाली बसल्या.

चूल तिथेच मांडायची होती. जोत्याचेच तीन दगड सुटे करून ठेवलेले होते. प्रत्येक खेपेला तेच घ्यायचे आणि संध्याकाळी परत जागेवर लावायचे. मोठ्या पातेल्यांसाठी बाजूला चर खणला. पेटवण्याला उसाचे पाचट, जाळाला वेडी बाभूळ, आणि धगीला गोवऱ्या. गोवरीचे मर्म मला तिथे कळले. लाकूड जाळ देते, गोवरी धीर देते. एकदा पेटली की तासन्‌तास तेवढीच मंद धग, ना कमी ना जास्त. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी गावठाणातून पिंपांत भरून आणले होते. शंभर पावलांवर समुद्रासारखे पाणी असताना ही उठाठेव का, असे मी विचारले. मामा हसले. मुळा-मुठेचे पाणी भीमेत येते आणि भीमा इथे. तेव्हा वाचकहो, पुण्यात सकाळी आपण जे मोरीत सोडतो, त्यातले बरेचसे उजनीला पोचते. मी पुढे काही विचारले नाही.

पण कोंबडीच्या आधी देव. वहिनी आणि दोघी लेकींनी पुरणपोळीचा नैवेद्य घरूनच करून आणला होता. तो घेऊन पंधरा-वीस जण पळसनाथाकडे निघाले; काही वाट गाळातून, काही होडीतून. मागे राहणाऱ्यांना आजींची ताकीद, “त्यांनी फिरून येस्तोवर पातेल्यात मास पडाया नगं. म्हादेवाच्या पायरीवरनं आलेल्या माणसाला मसाल्याचा वास येता कामा नये.” होडीत बसताना मी मुकाट्याने अंगात फुगीर जॅकेट चढवले आणि मुलांनाही चढवायला लावले. मुले हसली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २१ मे रोजी, वादळी वाऱ्यात कुगावहून कळाशीकडे येणारी होडी याच पाण्यात उलटून सहा जण बुडाले. ती बातमी वाचली तेव्हा त्या मुलांच्या आईचा मला फोन आला होता. आम्ही दोघेही फार काही बोललो नाही.

देवळाचे वर्णन मी करत नाही. फोटो सर्वांनी पाहिलेच आहेत. एवढेच सांगतो की मंडपाच्या खांबांवर शिंपल्या चिकटल्या होत्या, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांतली एक नखाने काढून खिशात टाकली.

परत आलो तेव्हा आठ वाजत होते. पातेल्यात आधी तेलावर कांदा, आले-लसूण, हळद, मीठ, मग कोंबडी. पाणी नाही. वर खोलगट ताट झाकण आणि ताटात पाणी. आतली वाफ ताटाला लागून पुन्हा आत ठिबकते, वरचे पाणी तापते, आणि लागेल तसे तेच गरम पाणी आत ओतायचे. गार पाणी घातले की मांस आखडते, असे आजींचे म्हणणे. अर्ध्या तासाने पाणी सुटले, मग बेताचे गरम पाणी घालून जाळ ओढून घेतला. खाली फक्त गोवऱ्यांचे इंगळ. तासाभराने वाटीवाटीने अळणी आले: मिरची-मसाल्याविना नुसता पिवळा, मिठाचा, कोंबडीच्या अंगचा रस. तो पहिला मान लहान मुलांचा आणि बाळंतिणीचा. मी दोन्हींत बसत नव्हतो, तरी अर्धी वाटी मिळाली.

वाटणाचे खोबरे आणि कांदे सोलून-चिरून नव्हे, तर अख्खेच निखाऱ्यात टाकले होते. कांद्याची साल कोळसा होते आणि आत गाभा मऊ, गोड होतो. खोबऱ्याच्या वाटीला जरा पेट घेऊ द्यायचा, मग फुंकायचे. तीळ, धणे, खसखस तव्यावर. वरवंटा बारामतीच्या धाकट्या सुनेच्या हाती होता. ती बँकेत अधिकारी आहे, पण तिच्या हाताला वजन आहे हे आजींनी लग्नातच ओळखले होते म्हणे. एका पातेल्यात रस्सा, वर लाल तवंग, दुसऱ्यात सुके.

आता त्या डॅलसच्या नातवाची गोष्ट. हा आजींच्या धाकट्या लेकीचा मुलगा, वय बावीस, मराठी समजते पण बोलताना क्रियापदे अर्ध्या वाटेवर सोडतो. तो सकाळपासून चुलीपाशी बसून होता. तो म्हणाला की त्यांच्याकडेही हेच करतात. तिथे दहावीस मराठी मंडळी जमायची असली की त्याची आई सकाळी विजेच्या मंद आचेच्या भांड्यात कोंबडी, टोमॅटो, मिरची घालून कामाला जाते. सहा-आठ तासांनी परत येते तोवर मांस हाडापासून सुटलेले. मग काट्याने त्याचे तंतू करायचे, भात आणि घेवड्यासारख्या काळ्या दाण्यांबरोबर गव्हाच्या पातळ पोळीत भरायचे, दोन्ही कडा आत मोडून गुंडाळायचे. त्याला बरिटो म्हणतात. “बरिटो म्हणजे काय रे?” “छोटं गाढव,” तो म्हणाला. आजींनी उलथने थांबवले. पण शब्दाचा अर्थ खरोखरच तसा आहे. स्पॅनिश भाषेतला, उत्तर मेक्सिकोतला हा पदार्थ. तिथे गहू पिकतो म्हणून गव्हाची पोळी, दक्षिणेकडे मक्याची. आणि आपण तरी त्याला परके का म्हणावे? आमच्या वाटणातली मिरची, मामांच्या शेतातला मका, टोमॅटो ही सगळी मंडळी त्याच मुलखातून निघून पोर्तुगिजांच्या गलबतांतून इकडे आलेली. समोरच्या पाण्यात जी चिलापी मासोळी भिगवणच्या खानावळी चालवते, ती मूळची आफ्रिकेची. या शिवारात जुने रहिवासी म्हणावे तर आजी आणि त्यांची ज्वारीच.

बाराच्या सुमारास वारा सुटला. उजनीवरचा वारा अडवायला झाड नाही, भिंत नाही. पंगत मांडली, पत्रावळींवर भाकरी पडली, आणि पुढच्याच क्षणी वीस पत्रावळी पाखरांसारख्या उठून बगळ्यांच्या दिशेने निघाल्या. उरलेल्यांवर गाळाची धूळ. रश्श्यात पिठीसारखा थर. साठ माणसे हातात वाट्या धरून पाठ फिरवून उभी. कोणीतरी म्हणाले, वर गावठाणात जाऊन देवळाच्या ओसरीत जेवू. आजी काही बोलल्या नाहीत. पण त्या ज्या दगडावर बसल्या होत्या तिथून हलल्याही नाहीत. मामा एकदा आईकडे, एकदा पातेल्याकडे पाहत राहिले. मंडळी वर गेली असती तर पोटे भरली असती. चूल मात्र वाया गेली असती.

तेव्हा नातवाने सुक्याचे पातेले उघडले. अडीच तास इंगळावर राहिलेली कोंबडी. काट्याची गरजच नव्हती, बोटांनीच हाड बाजूला झाले. त्याने चपातीवर थोडा भात, त्यावर मांसाचा लगदा, कच्चा कांदा, लिंबू असे घातले, बाजू मोडल्या, घट्ट गुंडाळले आणि आजींच्या हातात दिले. आत वारा शिरायला जागा नाही, धूळ बसायला जागा नाही. आजींनी ते उलटसुलट करून पाहिले. “ह्येला अमेरिकेला जावं लागतंय व्हय? नांगरटीला तुझ्या पंज्याला म्या असंच बांधून द्यायची. भाकरीत ठेचा, वर दुसरी भाकरी. एका हातात कासरा, एका हातात न्याहारी.” आणि त्या खाऊ लागल्या.

मग काय विचारता! कणीक वाढवली, चार जणी लाटायला बसल्या, नातू आणि बँकेतली सून भरायला. भाकरी गुंडाळायला गेले की मोडते, म्हणून भाकरीवाल्यांनी ती दुमडून घेतली. रस्सा वाट्यांतून, वाटीवर तळहात झाकून. पंगत बसली ती ओळीने नव्हे. जो तो जोत्याच्या दगडांवर, वाऱ्याकडे पाठ करून. थोरल्या घराचे लोक ढेलजेत, धाकटे माजघरात, आम्ही पाहुणे गोठ्यात. हडपसर आणि निमगावची दोन घरे विहिरीच्या मोबदल्यावरून बरीच वर्षे बोलत नव्हती, असे मला मागाहून कळले. विहीर कुठे होती यावर दोघा कर्त्या पुरुषांत तिथे वाद झाला, दोघे वाद घालतच गाळातून चालत गेले, आणि विहिरीचा कठडा सापडल्यावर त्यावर बसून परतले ते तासाभराने. काय ठरले ते कोणी सांगितले नाही. पण निमगावकर वहिनींनी हडपसरच्या घरासाठी सुक्याचा डबा भरून वेगळा ठेवलेला मी पाहिला.

उरलेले अन्न ऊन कलल्यावर मासेमारांच्या पालांकडे गेले. पातेली राखेने घासली, चौदा कोंबड्यांची पिसे पुरली. तीन दगड जोत्यात परत बसवण्याचे काम आजींनी नातवाकडे दिले आणि कोणता कुठे ते काठीने दाखवले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उजनी शंभर टक्के भरले. २०२५ साली तर मे महिन्यातच बारामती-इंदापुरात धो धो पाऊस झाला, कालवा फुटला, रस्ते वाहून गेले, आणि जोते दिसण्याचा प्रश्नच उरला नाही. मी आजींना फोन केला. ऐकू कमी येते, म्हणून वहिनी मधे बसून सांगत होत्या. आजी म्हणाल्या, पाऊस झाला हे ब्येस झालं, ज्वारीला ओल राहील. मग त्यांनी विचारले, नातवाने लिहून नेलेला कागद हरवला तर नाही ना. वहिनी म्हणाल्या, कागद माझ्यापाशी आहे, कल्हईवाल्याचा नंबरही त्यावरच आहे.